कुसळ निघालं, फूल का राहिलं?

गव्हाच्या मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाणं ही काही बातमी नव्हे. समजा, मळणीयंत्रापाशी काम करणाऱ्या दोघींच्या डोळ्यांत एकाच दुपारी कुसळ गेलं. दोघींचे डोळे लाल झाले, पाणी वाहिलं, रात्र जागून काढावी लागली. पहिली तिसऱ्या दिवशी कामावर हजर. भिंगातून पाहिलं तरी तिच्या डोळ्यात कसली खूण नाही. दुसरीचंही दुखणं थांबलं, जखम भरली, पण काळ्या भागावर एक पांढुरका ठिपका कायमचा बसला. गावाकडे याला म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडलं.’

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण ज्यानं रचली त्याच्या स्वतःच्या डोळ्यात कुसळ गेलेलं नसावं. गेलं असतं, तर दोन्हींत फारसा फरक वाटत नाही हे त्याला कळलं असतं.

गुडघ्यावरचा व्रण माणूस मिरवतो. त्वचेचं काम अंग झाकायचं, त्यात एखादा डाग राहिला म्हणून काही अडत नाही. डोळ्याच्या पुढच्या काचेला मात्र एकाच वेळी दोन गोष्टी साधाव्या लागतात: जखम भरायची आणि काच काचच ठेवायची. या दोन गोष्टींचं एकमेकींशी फारसं जमत नाही. काचेचा प्रत्येक थर हे भांडण आपापल्या पद्धतीनं सोडवतो, आणि कुसळ नेमकं कोणत्या थरापर्यंत पोचलं यावर पुढचं सगळं ठरतं.

घड्याळाची काच

डोळ्यातल्या काळ्या-तपकिरी चकतीला आपण बुबुळ म्हणतो. त्या बुबुळाच्या पुढे, घड्याळाच्या काचेसारखी, एक बाकदार पारदर्शक काच बसवलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव पारपटल. दवाखान्यात सगळे कॉर्निया म्हणतात. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याचा जो भाग दुसऱ्याला बसवतात, तो मुख्यतः हाच.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या, तर जग लाल जाळीतून पाहावं लागलं असतं. त्यामुळे त्याला प्राणवायू मिळतो तो समोरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून. आणि अन्नपाणी पुरवतो तो मागच्या बाजूचा द्रव. त्वचा कापली की रक्त येतं, गोठतं, खपली धरते. इथे रक्तच नाही, म्हणजे खपलीचा प्रश्नच नाही. दुरुस्तीची पद्धत मुळापासून वेगळी असावी लागते.

> चौकट: अर्ध्या मिलिमीटरची उतरंड
>
> वरचा थर (एपिथेलियम): पाच ते सात पेशी एकावर एक, जाडी सुमारे ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पूर्ण भरून येतो.
>
> बोमनचा थर: यात पेशी नसतात. एकदा गेला की पुन्हा तयार होत नाही.
>
> मधला थर (स्ट्रोमा): एकूण जाडीचा जवळजवळ ९० टक्के भाग. भरतो, पण डाग पडू शकतो.
>
> डेसिमेचा पडदा: पातळ आणि चिवट. आतल्या थराची बैठक.
>
> आतला थर (एंडोथेलियम): फक्त एका पेशीची जाडी. मोठ्या माणसात या पेशींची संख्या वाढत नाही.
>
> नॉटिंगहॅमच्या हर्मिंदर दुआ यांनी २०१३ मध्ये डेसिमेच्या पडद्याला लागून आणखी एक थर असल्याचं मांडलं. त्याला स्वतंत्र थर म्हणावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

आधी सरका, मग वाढा

डोळ्यांचे डॉक्टर ओरखडा शोधायला फ्लुओरेसिन नावाचा पिवळा-केशरी रंग वापरतात. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७१ मध्ये तो तयार केला. रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवून निळा प्रकाश टाकला, की जिथे वरचा थर सोललेला असतो तेवढीच जागा हिरवी झळकते. दुसऱ्या दिवशी पाहावं, तर हिरवा तुकडा आक्रसलेला. तिसऱ्या दिवशी बहुधा गायब.

जागा भरली कशानं? नव्या पेशी जन्मल्या असतील, असं कुणालाही वाटेल. पण पहिल्या दिवशी घडतं ते उलटंच. जखमेच्या काठावरच्या पेशी विभागणी थांबवतात. चार-सहा तास वरून काहीच हालचाल दिसत नाही, मात्र आत तयारी चाललेली असते. या थराच्या तळच्या पेशी खालच्या जमिनीला सूक्ष्म बंधनांनी जखडलेल्या असतात. ब्लाउजची टिचबटणं असावीत, तशी ही बंधनं. पेशी ती एकेक करून सोडवतात. मग त्या चपट्या होतात आणि पुढच्या कडेनं पातळ पाय पसरतात. एव्हाना उघड्या पडलेल्या जागेवर फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाचा लेप बसलेला असतो. त्यावर पाय रोवत पेशी सरकू लागतात.

एकेकट्या मात्र नाहीत. शेजारणीचा हात न सोडता अख्खी रांग पुढे जाते आणि मागच्या रांगांना ओढत नेते. जमिनीवर पसरलेली सतरंजी एका टोकानं ओढून उघडी फरशी झाकावी, असा प्रकार. वेग तासाला साधारण ६० ते ८० मायक्रॉन. चार मिलिमीटर रुंदीचा ओरखडा असेल, तर काठापासून मध्यापर्यंतचं अंतर दोन मिलिमीटर, म्हणजे चहूबाजूंनी सरकणाऱ्या पेशी एक-दीड दिवसात मधोमध भेटतात. ओढून झाकलेली सतरंजी अर्थातच विरळ असते. विभागणी पुन्हा जोरात सुरू होते ती नंतर, आणि थराला जुनी जाडी मिळते.

जखम बुजणं वेगळं आणि टिचबटणं पुन्हा लागणं वेगळं. खालची जमीन, म्हणजे पेशींच्या तळाशी असलेला अतिशय पातळ आधारपडदा, शाबूत असेल तर बटणं लवकर लागतात. तो फाटला असेल तर कित्येक आठवडे जातात. बाळाचं नख, कागदाची कड, झाडाची फांदी यांनी झालेल्या जखमा या बाबतीत खोडसाळ. डोळा बरा होतो, माणूस विसरून जातो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एका पहाटे डोळे उघडताक्षणी सुरी फिरल्यासारखी कळ येते. रात्री अश्रू कमी असतात, पापणीचा आतला भाग कॉर्नियाला चिकटल्यासारखा होतो आणि डोळा उघडताना सैल राहिलेला तुकडा पुन्हा सोलून निघतो. ‘काही लागलं नाही, नुसती झोपले होते,’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते.

दिशा कोण दाखवतं?

पेशींना डोळे नाहीत. भोक कुठल्या बाजूला आहे हे त्यांना कळतं कसं?

एक उत्तर विजेचं आहे. निरोगी वरचा थर सोडियम, क्लोराइड असे विद्युतभारित कण सतत इकडून तिकडे हलवत असतो. त्यामुळे थराच्या आतबाहेर काही दशक मिलिव्होल्टचा फरक राहतो. ओरखडा पडला की त्या जागी हा फरक नाहीसा होतो आणि भोवतालून जखमेकडे प्रवाह वाहू लागतो. टाकीला भोक पडल्यावर पाणी आपसूक त्या दिशेनं धावतं, तसंच. जखमेतून वीज वाहते हे जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यानं एकोणिसाव्या शतकातच, स्वतःचं बोट कापून मोजलं होतं. पण पेशी तिच्याकडे लक्ष देतात का, हा प्रश्न लांबला. मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाहेरून उलट दिशेची वीज लावली, तेव्हा पेशी जखमेकडे पाठ फिरवून चालू लागल्या. समोर रिकामी जागा असतानाही त्यांनी विजेचा कौल मानला.

दुसरं उत्तर अश्रूंत आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. त्या अर्कातून पुढे पेशींना वाढीचा निरोप देणारं एक प्रथिन हाती लागलं. हेच प्रथिन अश्रूंत असतं आणि ओरखडा भरायला हातभार लावतं. कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं ते रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत. मोंताल्चिनींनी शोधलेलं प्रथिन मज्जातंतूंच्या वाढीचं, आणि योगायोग असा की कॉर्नियाच्या कथेत तेही हवंच.

कारण कॉर्नियातलं मज्जातंतूंचं जाळं त्वचेपेक्षा शेकडो पटींनी दाट आहे. कुसळाचं मुसळ होतं ते त्यामुळे. पण हे तंतू नुसती कळ पोचवत नाहीत. वरच्या थराला जिवंत ठेवणारे निरोपही तेच सोडतात. कपाळावर आणि डोळ्याभोवती नागीण उठून गेल्यावर काहींच्या कॉर्नियाची संवेदना जाते. अशा डोळ्यात ओरखडा दुखत नाही आणि भरतही नाही. मज्जातंतूंच्या वाढीचं ते प्रथिन थेंबांच्या रूपात २०१८ पासून अमेरिकेत अशा रुग्णांसाठी मंजूर आहे.

तपासताना डॉक्टर बधिर करणारा थेंब टाकतात. कळ क्षणात थांबते आणि रुग्ण म्हणतो, ‘हेच औषध लिहून द्या.’ डॉक्टर देत नाहीत, ते निष्ठुरपणामुळे नव्हे. कार्ल कोलर यानं १८८४ मध्ये व्हिएन्नात कोकेनचा थेंब वापरून डोळा बधिर करून दाखवल्यापासून असे थेंब डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वरदान ठरले. पण ते वारंवार टाकले तर सरकणाऱ्या पेशी जागच्या जागी अडतात आणि ओरखड्याचा व्रण होतो.

काठावरचं बेणं

ओरखडा नसतानाही वरचा थर स्वस्थ नसतो. पापण्या मिटता-उघडताना पृष्ठावरच्या पेशी गळत राहतात आणि आठवडा-दहा दिवसांत सगळा थर नवा होतो. ही रसद येते कुठून? काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, साडीच्या काठासारखी, एक अरुंद गोल पट्टी असते. तिचं नाव लिंबस. दावांगर आणि एवेन्सन या संशोधकांनी १९७१ मध्ये सुचवलं, की कॉर्नियाच्या पेशींचं मूळ इथे असावं. गडद रंगद्रव्य असलेल्या डोळ्यांत त्यांना काठाकडून आत येणारे रंगीत पट्टे दिसले होते. पुढे १९८० च्या दशकात इथल्या मूळपेशींचा पुरावा मिळत गेला.

हा प्रवास कधीकधी नुसत्या तपासणीतही दिसतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांच्या वरच्या थरात औषधाचे कण साठतात आणि पेशींबरोबर वाहत जातात. तपासताना कॉर्नियावर तपकिरी रेघांची एक फिरकी उमटलेली असते, डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्यासारखी. सहसा दृष्टीला धक्का लागत नाही, पण काठापासून मध्याकडे पेशी चक्राकार वाटेनं येतात याचा तो जणू नकाशाच.

हा काठच जळाला तर? भारतात हे घडवणारी एक अगदी घरगुती वस्तू आहे: तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. लहान मूल ती दाबून खेळतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. देशातल्या नेत्ररुग्णालयांनी अशा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. आम्ल वरच्यावर पेशी गोठवून स्वतःची वाट काहीशी अडवतं. चुन्यासारखा अल्कली पेशींची स्निग्ध आवरणं विरघळवत आत शिरत जातो. म्हणून दवाखान्याकडे धावण्याआधी, आहे तिथेच नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुणं हाच पहिला उपचार. काठावरच्या मूळपेशी मेल्या की कॉर्निया स्वतःला झाकू शकत नाही. मग शेजारचा पांढरा भाग रक्तवाहिन्यांसकट त्यावर चढतो आणि काचेची भिंत होते. माणसातलं पहिलं यशस्वी कॉर्नियारोपण एदुआर्द झिर्म यानं ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्समध्ये केलं, तो रुग्णही चुन्यानं डोळे भाजलेला मजूरच होता.

अशा डोळ्यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंदर संगवान आणि सहकाऱ्यांनी एक उपाय काढला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. ऊस लावणाऱ्याला तो लगेच कळेल. उसाचं बेणं म्हणजे डोळे असलेली टिपरी; अख्खा ऊस पुरत नाहीत. डॉक्टरही रुग्णाच्या दुसऱ्या, धडधाकट डोळ्याच्या काठावरून सुमारे दोन मिलिमीटर लांब-रुंद चिमूट घेतात, तिचे आठ-दहा तुकडे करतात आणि ते जखमी कॉर्नियावर वारेच्या पातळ पडद्याच्या वाफ्यात, जैविक डिंकानं चिकटवून, अंतराअंतरावर लावतात. प्रत्येक टिपरीतून पेशी फुटतात, पसरतात आणि शेजारच्या टिपरीच्या पेशींना मिळतात. पूर्वी याच पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागत. आता डोळाच प्रयोगशाळा.

बांध फुटल्यावर

आता पांढऱ्या ठिपक्याकडे. तो मधल्या थरात असतो. हा थर म्हणजे कोलॅजनच्या तंतूंच्या दोनशेहून जास्त पापुद्र्यांचा प्लायवूड. तंतू अतिशय बारीक, सारख्या जाडीचे आणि ठरावीक अंतरावर. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की पारदर्शकता येते ती या शिस्तीतून: तंतूंवरून इकडेतिकडे विखुरणारा प्रकाश एकमेकांना खोडून काढतो आणि सरळ जाणारा तेवढा उरतो. मधेमधे केरॅटोसाइट नावाच्या चपट्या, शांत पेशी देखभालीला असतात.

वर ओरखडा पडल्यावर काही तासांतच, खाली कुसळ पोचलेलंही नसताना, जखमेच्या लगत खालच्या केरॅटोसाइट स्वतःला संपवतात. अमेरिकेतले संशोधक स्टीव्हन विल्सन यांनी १९९० च्या दशकात या मरणाचा माग काढला. दुखावलेल्या वरच्या पेशींकडून आलेला रासायनिक निरोप याला कारण असतो. हे कशासाठी? विल्सन यांचा अंदाज वणव्याची जाळरेषा आठवायला लावतो. वरच्या थरातून विषाणू शिरला, तर त्याला पुढे सरकायला जिवंत पेशीच मिळू नयेत.

उरलेल्या केरॅटोसाइट जाग्या होतात, वाढतात, रिकामी जागा भरायला येतात. इथवर काच स्वच्छ राहू शकते. पुढे काय होणार, ते आधारपडदा ठरवतो. वरचा थर आणि अश्रू यांच्यात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन असतं. पडदा शाबूत असला, की बांधानं पाणी अडवावं तसं ते वरच अडतं. बांध फुटला तर ते खालच्या शेतात उतरतं आणि जाग्या झालेल्या पेशींचं रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये करतं. या पेशी दोरखंड ओढणाऱ्या गड्यांसारख्या. जखमेचे काठ आवळतात, घाईघाईनं नवं कोलॅजन ओततात. मजबुती येते, शिस्त जाते. पेशी स्वतःही धूसर, कारण केरॅटोसाइटला पारदर्शक ठेवणारी प्रथिनं त्यांच्यात कमी झालेली असतात. त्यातून फूल पडतं. पहिल्या बाईचं कुसळ बांधाच्या अलीकडे थांबलं, दुसरीचं पलीकडे गेलं. कुसळाबरोबर बुरशी आत गेली, तर ती बांधाला आणखी भगदाडं पाडते. म्हणून शेतातल्या कचऱ्यानं झालेल्या जखमेवर डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइडचे थेंब टाकणं फार घातक. ते बुरशीला मोकळं रान देतात.

बांध पुन्हा सांधला गेला, की निरोप थांबतो, मायोफायब्रोब्लास्ट मरतात आणि केरॅटोसाइट परतून विस्कटलेले तंतू लावू लागतात. म्हणून काही फुलं महिन्या-वर्षांत विरळ होतात. चष्मा घालवणाऱ्या पीआरके शस्त्रक्रियेत वरचा थर खरवडून खालच्या थराला लेसरनं आकार देतात. मोठा नंबर काढायचा असेल, तर नंतर अशीच धूसरता येऊ शकते, म्हणून शल्यक्रियेतच मायटोमायसिन या औषधाचा क्षणभर लेप देऊन त्या गड्यांची भरती रोखतात.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. चष्मा घालवणाऱ्याच लेसिक शस्त्रक्रियेत कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेसर मारतात आणि तो परत बसवतात. मध्यावर बांध फुटत नाही, म्हणून धूसरता नाही. पण दोरखंड ओढणारे गडी तिथे येतच नाहीत, त्यामुळे सांधा काचेसारखा स्वच्छ आणि कागदाला कागद चिकटवल्याइतकाच कच्चा. खरी पकड फक्त कडेला, जिथे बारीक व्रणाचं कडं तयार होतं. वर्षांनंतर डोळ्यावर जोराचा फटका बसून हा पापुद्रा सरकल्याची उदाहरणं आहेत.

पंगत सैल होते

सगळ्यात आतल्या थरात मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी पेशी एकाच ओळीत बसलेल्या असतात, तरुण माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच ते तीन हजार. मधला थर स्पंजासारखा पाणी शोषायला टपलेला असतो. होडीत शिरणारं पाणी उपसावं, तसं या पेशी ते रात्रंदिवस बाहेर टाकतात. उपसा थांबला की काच फुगते आणि धुरकट होते.

इथे जखम झाली तर भरायला नवी माणसं मिळत नाहीत. पंगतीतून चार जण उठले, की उरलेले मांडी पसरून बसतात आणि रांग सलग दिसते. तशाच या पेशी पसरतात, मोठ्या होतात, सरकून भोक झाकतात. षट्कोनांची शिस्त मोडते, पण उपसा चालू राहतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग फोडणाऱ्या ध्वनिलहरी या थरापासून जवळच असतात, म्हणून शल्यविशारद मध्ये घट्ट पारदर्शक जेल भरून त्याला जपतात. पेशींची संख्या पाचशेच्या आसपास घसरली, की पंगत आणखी सैल होऊ शकत नाही.

मग एकच वाट होती: दात्याचा थर आणून बसवणं. जपानमधल्या क्योतोत शिगेरू किनोशिता यांच्या गटानं वेगळा प्रयोग केला. दात्याच्या कॉर्नियातल्या आतल्या थराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांना चिकटायला मदत करणारं औषध मिसळायचं आणि सुईनं डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडायच्या. पहिल्या अकरा रुग्णांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. धुरकट काचा पुन्हा स्वच्छ झाल्या होत्या. यात शल्यविशारदाचं काम काही मिनिटांचं. रुग्णाचं काम तीन तासांचं: पालथं पडून राहायचं, म्हणजे तरंगणाऱ्या पेशी आपल्याच वजनानं खाली, कॉर्नियाच्या आतल्या बाजूवर उतरतात आणि तिथे ओळीनं बसतात.